तात्पुरते वास्तव्य, कायम वास्तव्य आणि नागरिकत्व : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

परक्या देशात तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या, तेथेच काम करून पोट भरणाऱ्या आणि कालांतराने कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य देशांच्या संदर्भात चर्चिला जातो. १९६१ च्या करारानंतर पश्चिम जर्मनीत गेलेले तुर्की ‘पाहुणे कामगार’, अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर गेलेले आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे असलेले अभियंते, आखाती देशांत इकाम्यावर आयुष्य काढूनही शेवटी परत येणारे कामगार ही त्याची ठळक उदाहरणे होत. ठाणे जिल्ह्यातील किती तरी कुटुंबांना हे अनुभव घरचेच आहेत. परंतु याच जिल्ह्यात, कल्याणपासून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, हा प्रश्न उलट दिशेनेही उभा राहिला आहे, याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. बाहेरून येथे आलेला, येथील बाजारपेठेत राबणारा, दर काही काळाने वास्तव्याची मुदत वाढवून घेणारा आणि कायमचा येथला होऊ पाहणारा मनुष्य उल्हासनगरला अनोळखी नाही. किंबहुना हे शहरच तशा माणसांनी वसविलेले आहे.

प्रस्तुत लेखात १९४७-४८ मध्ये कल्याण छावणीत आलेले सिंधी निर्वासित आणि त्यानंतरच्या काळात पाकिस्तानातून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेले सिंधी हिंदू, अशा दोन पिढ्यांच्या कायदेशीर स्थितीचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. या दोन्ही पिढ्या एकाच प्रांतातून, बहुतांशी एकाच भाषेच्या व धर्माच्या लोकांतून आणि पुष्कळदा एकाच कुटुंबाच्या शाखांतून आल्या. तरीही एकीला नागरिकत्व जवळजवळ न मागता मिळाले आणि दुसरीला ते मिळविण्यासाठी निम्मे आयुष्य कचेऱ्यांत घालवावे लागले. असे का झाले, याचे उत्तर लोकांच्या स्वभावात किंवा अधिकाऱ्यांच्या लहरीत शोधण्यापेक्षा कायद्यातील तारखांत शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. भारतीय कायद्यात सामान्य परकीय माणसासाठी ‘कायम वास्तव्य’ नावाचा वेगळा दर्जा नाही. व्हिसा आहे, व्हिशाची मुदतवाढ आहे आणि त्यानंतर एकदम नागरिकत्व आहे. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परकीय गुंतवणूकदारांसाठी कायम निवासी दर्जाची योजना मंजूर केली. तिच्यासाठी अठरा महिन्यांत किमान १० कोटी किंवा छत्तीस महिन्यांत २५ कोटी रुपये गुंतविण्याची आणि प्रतिवर्षी किमान वीस भारतीयांना रोजगार देण्याची अट आहे. कँप नंबर दोनच्या बाजारात गाळा चालविणाऱ्याला ती लागू पडण्याचा संभव नाही. त्यामुळे आपल्या विषयापुरता ‘कायम वास्तव्याचा अर्ज’ म्हणजे प्रथम दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि नंतर नागरिकत्वाचा अर्ज, असाच अर्थ घ्यावा लागतो.

छावणीचे शहर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी संक्रमण छावणी उभारली. सुमारे ६,००० सैनिक आणि ३०,००० अन्य लोकांची सोय होईल एवढी तिची क्षमता होती. बराकींची संख्या २,१२६ होती. युद्ध संपले, सैन्य हलले आणि रिकाम्या बराकी उरल्या. फाळणीनंतर याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले.

पंजाबप्रमाणे सिंधची फाळणी झाली नव्हती. संपूर्ण प्रांत पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना हिंदुस्थानात आपला असा भूभाग उरला नाही. १९४७ च्या अखेरीपर्यंत अनेकांनी तेथेच राहण्याची आशा सोडली नव्हती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर स्थलांतराचा वेग एकदम वाढला. कराचीहून बोटीने मुंबई बंदरात आणि तेथून आगगाडीने कल्याणला, असा पुष्कळांचा प्रवास झाला. रीटा कोठारी आणि नंदिता भवनानी यांच्या ग्रंथांत या स्थलांतराची सविस्तर चर्चा आलेली असल्याने येथे तिची पुनरुक्ती करीत नाही.

मात्र एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा प्रांत होईपर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. म्हणजे १९४८ मध्ये बराकीत उतरलेला चाळीशीचा सिंधी मनुष्य त्याच्या तारुण्यात कल्याणच्या माणसाचा ‘इलाखाबंधू’ होता. बारा वर्षांत प्रांत बदलला, देश बदलला, आणि तो ‘निर्वासित’ ठरला. मुंबई प्रांताने १९४८ मध्ये निर्वासितांसंबंधी स्वतंत्र कायदा करून त्यांच्या नावनोंदणीची व्यवस्था केली. नोंद झालेल्याला शिधा आणि निवारा मिळे. पण त्याबरोबर त्याने कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकारही शासनाकडे जाई. मदत आणि नियंत्रण या दोन्ही गोष्टी एकाच नोंदवहीत असत, हे छावणीच्या कारभाराचे वैशिष्ट्य पुढील काळातही टिकलेले दिसते.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. १९५१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ८१ हजार होती. २०११ मध्ये ती ५ लाख ६ हजारांवर गेली. अवघ्या १३ चौरस किलोमीटर क्षेत्रात ही वस्ती आहे. शहराचे पत्ते अजूनही ‘कँप नंबर तीन’, ‘कँप नंबर पाच’, ‘बराक नंबर अमुक’ असेच सांगितले जातात. नाव बदलून पाऊणशे वर्षे झाली तरी छावणी लोकांच्या जिभेवरून हललेली नाही.

घटनासमितीतील तीन दिवस

कोनशिला बसल्यानंतर दोनच दिवसांनी, १० ऑगस्ट १९४९ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनासमितीपुढे नागरिकत्वाची कलमे मांडली. मसुदा समितीला या कलमाइतकी डोकेदुखी एखाद-दुसऱ्याच कलमाने दिली असेल, असे त्यांनी त्या वेळी बोलून दाखविले. चर्चा १२ ऑगस्टपर्यंत चालली. उल्हासनगरच्या इतिहासात या चर्चेला स्थान दिले जात नाही. वास्तविक त्या बराकींतील हजारो लोकांचे भवितव्य दिल्लीत त्याच आठवड्यात ठरत होते.

जी व्यवस्था स्वीकारली गेली ती थोडक्यात अशी. पाकिस्तानातून आलेला मनुष्य, तो किंवा त्याच्या आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी अविभक्त हिंदुस्थानात जन्मलेले असेल, आणि तो १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच राहत असेल, तर तो नागरिक मानला जाईल. त्याला अर्ज करण्याची गरज नाही. १९ जुलै १९४८ रोजी किंवा त्यानंतर आलेल्याने मात्र अर्ज करून नोंदणी करून घेतली पाहिजे, आणि अर्जापूर्वी किमान सहा महिने त्याचे येथे वास्तव्य असले पाहिजे. हा अर्जही संविधान अमलात येण्यापूर्वी झालेला असला पाहिजे. हे सहावे कलम होय.

१९ जुलै १९४८ हीच तारीख का? त्या दिवशी पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवाना पद्धत लागू करणारा अध्यादेश निघाला होता. थोड्या दिवसांच्या भेटीसाठी एक परवाना आणि कायम वास्तव्यासाठी किंवा कायमचे परत येण्यासाठी दुसरा, अशी विभागणी तेव्हाच झाली. आजच्या परिभाषेतील ‘तात्पुरता’ आणि ‘कायम’ हा भेद भारत-पाकिस्तान सीमेवर प्रथम या परवान्यांनी आणला. १९५२ च्या ऑक्टोबरात पारपत्र व व्हिसा पद्धत सुरू होईपर्यंत ही व्यवस्था चालू होती. अभ्यासकांनी दाखवून दिल्याप्रमाणे परवान्याचा मुख्य रोख परत येऊ पाहणाऱ्या मुसलमानांकडे होता. तरीही संविधानाच्या शब्दांत धर्म आला नाही, तारीख आली.

तो यावा असे म्हणणारे सभासद होते, आणि त्यांतील एक आपल्या परिचयाचे आहेत. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी मूळ मसुद्यामुळे भारतीय नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल अशी टीका केली. आणि त्याच वेळी, अन्य कोणत्याही राष्ट्राचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू व शीख व्यक्तीला भारतीय नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी दुरुस्ती सुचविली. नागरिकत्व महाग असावे आणि विशिष्ट लोकांसाठी ते खुले असावे, या दोन मागण्यांत त्यांना विसंगती दिसली नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. विदर्भातील शेतकऱ्यांचे आणि शिक्षणाचे कार्य म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांच्या चरित्रातील हा भाग मराठी वाचकांना सहसा माहीत नसतो. सत्तर वर्षांनी तीच कल्पना वेगळ्या रूपात संसदेत परत आली, म्हणून तो येथे नोंदविणे आवश्यक वाटते.

उल्हासनगरातील बहुसंख्य लोक सहाव्या कलमाच्या दोन दारांपैकी एकातून आत आले. २६ जानेवारी १९५० रोजी ते नागरिक होते. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली तेव्हा हेच निर्वासित मतदार म्हणून रांगेत उभे राहिले.

नागरिक झाला, घर मात्र तात्पुरते

व्यक्ती कायमची झाली म्हणून तिचे घर कायमचे झाले असे नाही. १९५४ चा विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियम १ मार्च १९४७ नंतर घर सोडावे लागलेल्यांना लागू होता. सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेचा दावा सिद्ध करणाऱ्याला भरपाई मिळे आणि ती राहत्या सरकारी जागेच्या किमतीत वळती करून घेता येई. ज्यांच्याजवळ कागद नव्हते, किंवा सोडून येण्यासारखे काही नव्हतेच, त्यांना किंमत भरावी लागे. मालकीहक्काचा दस्तऐवज म्हणजे सनद. ती मिळणे, न मिळणे, वाडवडिलांच्या नावावर राहून जाणे हा उल्हासनगरच्या घरोघरचा विषय आहे. अधिनियम २००५ मध्ये रद्द झाला. सनदेचे वाद संपले नाहीत.

बराकीत भिंती घालून खोल्या पाडल्या गेल्या, खोल्यांवर मजले चढले आणि मोकळ्या जागेत गाळे निघाले. यातील बरेचसे बांधकाम परवानगीवाचून झाले. उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला तेव्हा ८५५ इमारतींची यादी चर्चेत आली आणि अखेर २००६ मध्ये राज्य शासनाने केवळ उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. एका शहरासाठी स्वतंत्र कायदा करावा लागणे ही साधी बाब नव्हे. शहराची मुळे तात्पुरत्या जागावाटपात असल्याचे हे उशिरा मिळालेले प्रमाणपत्रच म्हटले पाहिजे.

या सर्व काळात लोकांनी काम थांबविले नाही. आलेल्यांपैकी बहुतेक जण व्यापारी किंवा कारकुनी पेशाचे होते. शेती करणारे थोडे. बराकीतच पापड, लोणची, मिठाई, कपडे, प्लास्टिकच्या वस्तू तयार होऊ लागल्या. ‘यूएसए’ छापाच्या मालावरून ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद महाराष्ट्रभर पसरला. त्यात थट्टा आहे तशीच कबुलीही आहे. फर्निचरचा बाजार आणि पुढे जीन्सचे कारखाने यांनी शहराला नाव दिले. जीन्सच्या धुलाईने वालधुनी नदीची अवस्था काय केली हा वेगळ्या लेखाचा विषय. शहाडची सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथची आगपेटीची विमको आणि आयुधनिर्माणी, पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या अंबरनाथ व बदलापूर येथील वसाहती यांनी या पट्ट्यात नोकरीची सोय केली. तेथे सिंधी माणसाइतकाच कोकणातून, देशावरून, उत्तरेतून आणि दक्षिणेतून आलेला कामगार होता. अंबरनाथ व बदलापूर १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत घालण्यात आले आणि १९९२ मध्ये वेगळे काढण्यात आले; उल्हासनगरची महानगरपालिका १९९६ मध्ये झाली. नगरपालिकांच्या हद्दी अशा बदलत असताना बराकीत जागा न पुरणारी कुटुंबे लोकलच्या एक-दोन स्थानकांपुढे सरकत राहिली. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर ही लोकव्युत्पत्ती खरी असो वा नसो, मुक्काम बदलणाऱ्यांच्या या पट्ट्याला ती शोभते.

१९६७ मध्ये सिंधी भाषेचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. प्रांत नसलेल्या भाषेला मिळालेली ती मान्यता होती. पहिल्या पिढीची कथा येथे एका अर्थाने पुरी होते.

दुसरी पिढी : व्हिशावर आलेले

सिंधमधील सर्वच हिंदू १९४८ मध्ये निघाले नाहीत. शिकारपूर, जेकबाबाद, सक्कर, लारकाना या भागांत व्यापारी कुटुंबे मागे राहिली. भावाभावांतील एक उल्हासनगरला आला आणि दुसरा दुकान सांभाळायला थांबला, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर, १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येतील घटनेचे पडसाद म्हणून सिंधमधील मंदिरांवर हल्ले झाल्यानंतर आणि पुढे उत्तर सिंधमध्ये खंडणीसाठी अपहरणाचे प्रकार वाढल्यानंतर मागे राहिलेल्यांतील अनेकांनी भारताची वाट धरली. थरपारकरमधून राजस्थान व गुजरातेत आलेल्यांचा प्रश्न मोठ्या संख्येमुळे चर्चेत राहिला. उल्हासनगरला आलेले नातेवाइकांकडे आले. त्यांची वेगळी छावणी झाली नाही, त्यामुळे ते दिसलेही नाहीत.

१९४८ च्या बोटीतून उतरलेला आणि हा नवा मनुष्य यांत कायद्याच्या दृष्टीने मूलभूत अंतर होते. नवा मनुष्य पाकिस्तानचे पारपत्र घेऊन, ठराविक गावांचाच उल्लेख असलेल्या व्हिसावर येत असे. सामान्य नियमाप्रमाणे त्याला पोहोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागे. व्हिसा ज्या गावाचा त्याच गावात राहायचे. उल्हासनगरचा व्हिसा असेल तर नाशिकच्या लग्नालाही परवानगी हवी. भेटीच्या व्हिसावरून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जाण्यासाठी अर्ज करायचा, तो चौकशी होऊन दिल्लीच्या गृहमंत्रालयापर्यंत जायचा आणि तो मंजूर झाल्यावर मुदत संपताच पुन्हा तेच चक्र.

यात पारपत्र जिवंत ठेवणे हे सर्वांत अवघड काम असे. १९९४ मध्ये पाकिस्तानचा मुंबईतील आणि भारताचा कराचीतील वाणिज्य दूतावास बंद झाला. त्यानंतर पारपत्राचे नूतनीकरण करायचे तर दिल्लीला पाकिस्तानी उच्चायुक्तालयात जावे लागे. आणि दिल्लीला जायचे तर गाव सोडण्याची परवानगी लागे. ज्या राष्ट्राचे नागरिकत्व सोडायचे त्याच राष्ट्राकडून ते सोडल्याचे प्रमाणपत्र शुल्क भरून आणायचे, ही अटही होती. पुढे अल्पसंख्य समाजातील अर्जदारांचे प्रतिज्ञापत्र त्याऐवजी स्वीकारण्याची आणि मुदत संपलेले पारपत्र चालवून घेण्याची सवलत देण्यात आली. त्याआधीच्या अर्जदारांचा किती काळ या एका कागदात गेला असेल, याची कल्पना करता येते.

या माणसाला काम करावेच लागत असे, आणि येथेच त्याची स्थिती जगातील इतर तात्पुरत्या कामगारांशी जुळते. त्याच्या नावावर बँकेत खाते नाही, दुकानाचा परवाना नाही, वाहन चालविण्याचा परवाना नाही. मग दुकान मेहुण्याच्या नावावर, खाते चुलत्याच्या नावावर, आणि हा स्वतः गल्ल्यावर. नातेवाईक भला असला तर प्रश्न नव्हता. नसला तर दाद कोणाकडे मागायची? आखातातील कामगार आपल्या ‘कफील’वर जसा अवलंबून असतो तसाच हा आपल्या आप्तांवर अवलंबून होता; फरक इतकाच की येथे मालकाला मामा म्हणावे लागे. २०१६ मध्ये केंद्र शासनाने दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहनपरवाना, स्वयंरोजगार, राहण्यासाठी एक घर घेणे आणि राज्यात मोकळेपणाने फिरणे या सवलती दिल्या. प्रस्तुत लेखकाच्या मते या परिसरातील दुसऱ्या पिढीच्या दृष्टीने नागरिकत्वाच्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा हा निर्णय अधिक महत्त्वाचा ठरला, कारण त्याने माणसाला स्वतःच्या नावावर काम करू दिले. व्हिशाची मुदतही आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळू लागली.

वाढत गेलेली वर्षे

आता नागरिकत्वाच्या अर्जाकडे वळू. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमात भारतीय वंशाच्या व्यक्तीला नोंदणीने नागरिक होण्यासाठी सहा महिन्यांचे वास्तव्य पुरत असे. १९८६ मध्ये ते पाच वर्षे झाले आणि २००३ च्या दुरुस्तीने, जी ३ डिसेंबर २००४ पासून अमलात आली, सात वर्षे. भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्यांनाही सात वर्षांची अट लागू झाली. सिंधमधून उल्हासनगरला दिलेली मुलगी लग्नानंतर सात वर्षे परकीय म्हणून नांदत असे, आणि या काळात तिला माहेरी जायचे झाले तर परतीच्या व्हिशाची चिंता आधी करावी लागे.

याहून सूक्ष्म अडचण ‘भारतीय वंशाची व्यक्ती’ या व्याख्येत आहे. अर्जदार स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांपैकी एक जण अविभक्त हिंदुस्थानात, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी, जन्मलेला असला पाहिजे. १९७५ मध्ये आलेल्याला हे सहज सिद्ध करता येई. २००५ मध्ये आलेल्या पंचविशीतल्या तरुणाचे आईवडील १९५० नंतर जन्मलेले असत. तो मार्ग त्याला बंद. त्याने नैसर्गिकीकरणाच्या मार्गाने जायचे, म्हणजे अर्जापूर्वीचे सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या चौदा वर्षांतील अकरा वर्षे येथे राहिल्याचे दाखवायचे. संविधानाच्या सहाव्या कलमात आजी-आजोबांचा जन्म पुरत होता, अधिनियमात नाही. सिंधशी असलेले आपले नाते कायद्याने एका पिढीपुरतेच धरले आणि काळ पुढे सरकला तसे ते आपोआप तुटत गेले. कोणी तसे ठरवून केले असेल असे वाटत नाही.

मुलांचे काय? १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले मूल सामान्यतः नागरिक ठरे. त्यानंतर आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ नंतर दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आली. परिणामी व्हिसावरील जोडप्याला उल्हासनगरच्या रुग्णालयात झालेले, येथील शाळेत शिकलेले, मराठी हा विषय घेऊन दहावी झालेले मूल कायद्याने परकीय राहते.

नागरिकत्व देण्याचे अधिकार २००४ मध्ये गुजरात व राजस्थानातील काही जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले होते. महाराष्ट्राला ही सोय मिळण्यास बारा वर्षे लागली. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने ज्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेशातील सहा अल्पसंख्य समाजांच्या व्यक्तींना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यांत मुंबई, पुणे, नागपूर यांच्यासह ठाणे होते. फाइल दिल्लीऐवजी ठाण्याला निर्णयी ठरू लागली आणि शुल्कही शंभर रुपयांवर आले.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे नागरिकत्व (सुधारणा) अधिनियम, २०१९. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या या सहा समाजांच्या व्यक्तींना बेकायदा स्थलांतरित मानले जाणार नाही, आणि त्यांच्यासाठी अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरेल, असे त्याने ठरविले. नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. अर्जाची छाननी करणारी जिल्हास्तरीय समिती टपाल खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली आणि अंतिम निर्णय घेणारी समिती राज्याच्या जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखाली, अशी रचना झाली. येण्याच्या तारखेचा पुरावा म्हणून शिधापत्रिका, वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, दुकानाचा परवाना असे वीस प्रकारचे कागद चालतात. मेहुण्याच्या नावावर सारे काही ठेवून ज्याने आयुष्य काढले त्याच्याजवळ यांतील किती असणार?

या अधिनियमावर देशभर वाद झाला आणि त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे म्हणणे प्राप्त आहे की १९४९ मध्ये घटनासमितीने धर्माचा निकष शब्दात आणण्यास नकार दिला होता आणि २०१९ मध्ये तो शब्दात आला. उल्हासनगरातील अर्जदाराला दिलासा मिळावा याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तो त्याच्या छळाच्या आणि दीर्घ वास्तव्याच्या आधारावर, धर्माचे नाव न घेता देता आला नसता काय, हा प्रश्न मात्र उरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो देता आला असता. दीर्घ मुदतीच्या व्हिशाची बहुतेक सोय कोणत्याही नव्या अधिनियमावाचून, प्रशासकीय आदेशांनीच झाली होती, हे वर दाखविले आहे.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवादी हल्ला झाला. दोन दिवसांनी भारत सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केल्याचे जाहीर केले. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळण्यात आले. भेटीच्या व्हिसावर नुकताच आलेला आणि दीर्घ मुदतीचा अर्ज अद्याप न केलेला मनुष्य मात्र पहिल्या वर्गात मोडत होता. त्याच्या हाती, वैद्यकीय व्हिसा नसेल तर, २७ एप्रिलपर्यंतची मुदत होती.

त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ अमलात आला. त्याखालील सवलतीच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सहा अल्पसंख्य समाजांच्या व्यक्तींना पारपत्र व व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली. नागरिकत्वासाठीची ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख मात्र त्या आदेशाने बदललेली नाही. २०१५ मध्ये शिकारपूरहून आलेल्या जोडप्याचे उल्हासनगरात जन्मलेले मूल आज शाळेत जाते. आईवडिलांचा अर्ज मंजूर होईपर्यंत त्याच्या महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थान ‘उल्हासनगर, जिल्हा ठाणे’ असे राहील आणि व्हिशाच्या अर्जावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘पाकिस्तान’ असे लिहावे लागेल.